त्यांची रायफल, माझी नजर

आमच्या ह्यांना रायफल घ्यायची होती. ती निवडण्यात दीड-दोन वर्षं गेली. त्यांची गेली तशी माझीही गेली, कारण हे वरवंडच्या आतल्या बाजूला शेतावर राहायचे आणि मी आठवडाभर शिक्रापूरला. तिथं एका कंपनीत मी क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. पंपाच्या जोडात बसतात त्या रबराच्या काळ्या रिंगा. दिव्याच्या गोल भिंगाखाली एकेक रिंग फिरवून बघायची. कुठं बुडबुडा, कुठं चीर, कुठं कडेला जास्तीचं रबर. चांगली हिरव्या ट्रेमध्ये, वाईट लाल ट्रेमध्ये. आठ तास तेवढंच. शनिवारी संध्याकाळी शिफ्ट सुटली की चौफुल्याची गाडी पकडायची, तिथून वरवंड, आणि पुढं हे मोटारसायकल घेऊन उभे असायचे. घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काळी कडी फिरत असायची.

हे फौजेत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर एका कारखान्याच्या गेटवर काही महिने उभे राहिले, पण तिथं रमले नाहीत. वडिलांच्या जमिनीतला वाटा होता, शेजारीच मोठ्या दिरांचा वाटा. दिरांना सगळे आप्पा म्हणतात, आम्हीही. दोघा भावांनी मका, भुईमूग, थोडा कांदा असं चालवलं होतं. भोवती मात्र सगळा ऊस, आणि उसात डुकरं. दिवसा ती कुणाला दिसायची नाहीत. सकाळी जाऊन बघावं तर भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं उलटंपालटं, आणि मका आडवा. कणसं अर्धी खाल्लेली आणि अर्धी नुसती तुडवलेली. खाल्ल्याचं एवढं वाटत नाही, तुडवल्याचं वाटतं.

एकदा पहाटे आप्पा डबा वाजवत त्यांना हाकलायला गेले. एक डुक्कर पळायच्या ऐवजी उलटं आलं आणि पोटरी फाडून गेलं. यवतच्या दवाखान्यात टाके घातले. हे तिथं बाकड्यावर बसून होते. मला फोन आला तो एवढाच, "बरे हायेत आप्पा. तू येऊ नको. पर मी आता हत्यार घेतो."

मला वाटलं रागाच्या भरात बोलतायत. पण फौजेतला माणूस कागदाला भीत नाही. तलाठी, पोलीस ठाणं, वनखातं, कलेक्टर ऑफिस. आज साहेब मीटिंगला, उद्या सुट्टी, परवा शिक्का दुसऱ्या टेबलावर. हे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि घामेजून यायचे, पण कधी आवाज चढवला नाही. परवाना मिळेपर्यंत आप्पांची जखम भरली, पिकं निघाली, दुसरी उभी राहिली आणि तीही डुकरांनी तुडवली.

परवाना हातात आला त्या रविवारी आमच्या पडवीत दोन भावांची जुंपली. आप्पांना दुनळी हवी होती.

"बारा बोअरची दुनळी घे. छर्रा पसरतो, नेम चुकला तरी एखादा लागतोच. सगळ्या जगाकडं दुनळी असती."

"आप्पा, दुनळी जवळच्याला. डुक्कर काय तुमच्या पाया पडायला येणार हाय का?"

"मग तुला तोफ पाहिजे?"

"रायफल पाहिजे. बोल्टची. एक गोळी, एक डुक्कर. आन् वर दुर्बीण."

हे उठले आणि आम्हा दोघांना घेऊन बांधावर गेले. विहिरीच्या कठड्यापासून ओढ्याच्या काठापर्यंत दीड-दोनशे मीटर भरतं. डुकरं ओढ्यातून वर येतात, तेवढ्यात ती दिसतात, एकदा मक्यात शिरली की संपलं. दुनळीचा पल्ला तिथवर पोचत नाही. मग त्यांनी हात लांब करून कुठं गोळी मारायची नाही ते दाखवलं. इकडं वस्ती. तिकडं कॅनॉलचा रस्ता. त्या पलीकडं ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या. फक्त ओढ्याच्या उंच दरडीकडं तोंड करून मारायचं, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाते.

"रायफलची गोळी मैलभर जाती," ते म्हणाले. "ती कुठं थांबंल हे आधी ठरवायचं, मग चाप."

मी त्यांच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण नोकरीत ते काय करायचे हे मला असं उघड्यावर पहिल्यांदा कळलं. बरं वाटलं. आप्पा मात्र "लई शहाणा" असं पुटपुटत लंगडत परत गेले.

पुण्याला बंदुकीच्या दुकानात मीही गेले. मला रजा काढावी लागली, पण हे म्हणाले, चल, एवढी मोठी वस्तू घ्यायची तर दोघांनी बघावी. सोनं घ्यायला जावं तसे आम्ही गेलो. दुकान अरुंद, वरपर्यंत लाकडी कपाटं, आणि मालक वयस्कर, हळू बोलणारे. बाहेरच्या देशाच्या जुन्या रायफली एका कपाटात होत्या. त्यांची किंमत ऐकून ह्यांनी तिकडं परत पाहिलंच नाही. मग मालकांनी बावीस बोअरची काढली. हलकी, नाजूक, हातात घेतली की खेळण्यासारखी.

"ही परवडेल तुम्हाला," मालक म्हणाले. "गोळीही स्वस्त."

"डुक्कर मरत न्हाई हिनं, जखमी होतं. जखमी डुक्कर उसात शिरलं, की त्याच्या मागं उसात कुणी शिरायचं?"

मालक हसले आणि सरकारी कारखान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल काढून काउंटरवर ठेवली. दिसायला रांगडी, दस्ता रुंद, पॉलिश जाड. ह्यांनी आधी बोल्ट मागं ओढून आत बोट घालून बघितलं, मग नळी उजेडाकडं धरून आत बघितलं. खांद्याला लावली, उतरवली, परत लावली. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं, मुलीच्या बारशाला थोडंफार पाहिलं होतं.

"हिच्यावर दुर्बीण बसंल?"

"प्लेट बसवावी लागेल, आमचा मिस्त्री बसवतो. पण धक्का जबर आहे हिचा. हलकी दुर्बीण घेतलीत तर चार गोळ्यांत नेम सरकेल. चांगली घ्या."

चांगली त्यांच्याकडंही होती, पण रायफल आणि ती दुर्बीण दोन्ही एकदम आम्हाला झेपणार नव्हतं. ठरलं असं, की दुर्बीण आपण मोबाईलवरून मागवायची, मनासारखी मिळाली की मग रायफल उचलायची आणि मिस्त्रीकडून दोन्ही जोडून घ्यायचं. परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत होतीच.

इथून माझे हाल सुरू झाले. शेतावर कुरियर येत नाही, म्हणून पत्ता माझ्या खोलीचा. मी लाइनवर असताना फोन लॉकरमध्ये. कुरियरवाला फोन करून करून कंटाळायचा आणि खोकं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टाकून जायचा. दुकानदार म्हणायचा, "ताई, क्या मँगाया इस बार?" मी म्हणायची, दुर्बीण. त्याला वाटायचं मी थट्टा करते. शनिवारी ते खोकं पिशवीत घालून, ट्रकांच्या धुरात गाडीची वाट बघत उभी राहायची. रविवारी हे बघायचे. सोमवारी पहाटे ते खोकं माझ्याबरोबर परत शिक्रापूरला. मग रिटर्न घ्यायला येणाऱ्या माणसाची वाट.

पहिली परत गेली कारण ती छऱ्याच्या एअरगनसाठी केलेली होती, धक्का सोसणार नव्हती. पटलं. दुसऱ्या दुर्बिणीत डोळा अगदी काचेला चिकटवावा लागायचा. हे म्हणाले, "गोळी सुटली की ही मागं येणार आन् भुवई फोडणार. असे टाके पडलेले लई बघितलेत." तेही पटलं. नऊपट मोठं दाखवणारी नको, चौपट पुरे, जेवढं मोठं दिसतं तेवढा आपला हात जास्त हलताना दिसतो, असंही त्यांनी मला शिकवलं. मी स्वयंपाक करता करता ऐकायची. डोळे मिटून ऐकायची, खरं सांगायचं तर.

तिसरी आली. ह्यांनी विहिरीच्या कठड्यावर वाळूचं पोतं ठेवलं, त्यावर दुर्बीण, आणि ओढ्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "धुरकट हाय."

चौथी त्याहून भारीतली होती. "हीपण धुरकट. काच हलकी वापरत्यात आता."

पाचवी आली तेव्हा थंडीचे दिवस होते. सकाळ अशी स्वच्छ होती की कॅनॉलपलीकडची माणसं चालताना त्यांचे पाय दिसत होते. हे पोत्यापाशी बसलेले. मी चहा घेऊन गेले. त्यांनी न बघताच कप घेतला आणि म्हणाले, "परत पाठव. लोकांना फसवायचे धंदे हायेत हे सगळे."

मला पुन्हा ते खोकं, पुन्हा तो दुकानदार, पुन्हा रिटर्नवाला डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, "बघू तरी." आणि वाकले.

ओढ्यापलीकडं एका पंपाच्या खोलीवर बियाण्याची जाहिरात रंगवलेली आहे. मला तिचं अक्षर न् अक्षर दिसलं. खालचा फोन नंबर दिसला. एका आकड्याचा रंग ओघळलेला होता, तो ओघळ दिसला. खोलीच्या दारावरचं कुलूप दिसलं. दिवसभर भिंगातून बघणारी बाई मी, भिंग धुरकट असेल तर मला लगेच कळतं. आमच्या दिव्याची काच जराशी खराब झाली तरी मी सुपरवायझरला बोलवते. ह्या काचेत काहीही वाईट नव्हतं.

"मला तर नंबर वाचता येतोय," मी म्हटलं.

"कुठला नंबर?"

"जाहिरातीखालचा."

मी त्यांना परत बसवलं आणि म्हटलं, "डाव्या डोळ्यानं बघा." आमच्याकडं एखाद्या मालाबद्दल शंका आली की तोच तुकडा दुसरीला दाखवतात, तिलाही तेच दिसतं का ते बघायला. मला तेवढंच सुचलं. त्यांनी मान वाकडी केली, डावा डोळा लावला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग हळू आवाजात तो नंबर वाचू लागले. अर्धा वाचला आणि थांबले.

"चहा गार झाला," ते म्हणाले.

दुपारी जेवताना मी पाहिलं, भाकरीच्या टोपल्याकडं हात नेताना ते मान जराशी उजवीकडं वळवून बघत होते. कधीपासून तसं करत होते कोण जाणे.

पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला मला आणखी तीन रविवार भांडावं लागलं. मका काढू दे, आप्पांचं मळणीचं होऊ दे, आता सण आलाय. शेवटी मी म्हटलं, "मी रजा टाकली आहे. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाऊन बसेन." तेव्हा आले. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाची होती. डोळ्यात थेंब घालून, मोठ्या मशिनसमोर हनुवटी टेकवून तिनं बराच वेळ तपासलं.

"काका, शुगर किती वर्षांपासून आहे?"

"हाय थोडी."

"थोडी नाही. पडद्याला सूज आलीये, उजव्याला जास्त. डाव्यालाही सुरुवात आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, दर महिन्याला यावं लागेल."

"मग साफ दिसंल?"

"गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही, काका. आहे ते राखू."

येताना बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. थेंबांमुळं त्यांना उजेड सहन होत नव्हता, म्हणून माझी ओढणी त्यांनी डोळ्यांवर धरली होती. यवत आलं तेव्हा म्हणाले, "फौजेत फायरिंगला आमच्या कंपनीत माझा पहिला नंबर असायचा." मी "हं" म्हटलं. ते मला माहीत होतं. त्याचा कप आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, त्यात मी सुटे पैसे ठेवते.

पुढचे काही आठवडे ते पडवीत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आप्पांनी एक दिवस सुचवलं, "घेऊन तर ठेव रायफल. तू नको मारू, मी मारतो." ह्यांनी तसंच पडल्या पडल्या सांगितलं, "परवाना माझ्या नावावर हाय. तुम्ही चाप वढायचा आन् मी आत जायचं?" डुकरं येतच होती.

आणि मग एका शनिवारी चौफुल्यावर उतरले तर हे वरवंडऐवजी तिथंच गाडी घेऊन उभे. दाढी केलेली. चेहऱ्यावर तरतरी. घरी गेल्यावर त्यांनी खाटेखालून काहीतरी काढलं. बाभळीच्या लाकडाची रायफल होती, हातानं तासलेली. दस्ता, नळी, आणि बोल्टच्या जागी लोखंडी कडी लावलेली, मागंपुढं सरकणारी. वर ती पाचवी दुर्बीण तारेनं घट्ट बांधली होती. ती परत करायची मुदत केव्हाच टळून गेली होती.

"हे काय?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुझी नजर लाखात एक हाय. मला त्या दिवशीच कळलं. तुझ्या नावानं अर्ज करू. माहेरनं आणल्यासारखी नजर हाय, वाया कशाला घालवायची? मी शिकवतो. सहा महिन्यांत तयार करतो तुला."

मला हसू यायला हवं होतं. पण ते इतक्या आठवड्यांनी असे उभे होते, की मी नाही म्हणू शकले नाही. म्हटलं, "बघू."

मग रविवारची सकाळ माझी राहिली नाही. आठवडाभर सहा वाजता उठायचं आणि रविवारीही. बांधावर पोतं अंथरून पालथं पडायचं. डावं कोपर नळीच्या खाली. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, नाहीतर धक्का हाडाला बसतो. गाल दस्त्यावर. एक श्वास घे, अर्धा सोड, तिथं थांब. चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. मग बोल्ट वर, मागं, पुढं, खाली, आणि हे करताना दुर्बिणीवरून डोळा हलवायचा नाही. हे माझ्याशेजारी उकिडवे बसून सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा जसा रिक्रूटांपुढं होत असेल. "कोपर! कोपर आत!" मग एकदम मऊ, "दमलीस का?" मी म्हणायची नाही. दमलेली असायचीच. शनिवारची काळी कडी अजून डोळ्यांपुढून गेलेली नसायची आणि त्यांच्या जोडीला आता दुर्बिणीतली काळी फुली आली होती.

एकदा मला खरंच डुक्कर दिसलं. ओढ्यातून वर आलं, मागं चार पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची. मी ह्यांना हळूच तसं सांगितलं आणि श्वास अर्धा सोडून थांबले. फुली डुकरिणीच्या खांद्यावर होती. मी चाप दाबला. लाकडाचा चाप, टक् झालं. हे कुजबुजले, "लागली." त्यांना काहीही दिसलं नव्हतं. मी सांगितलं तेवढ्यावर ते म्हणाले. ती डुकरीण माती हुंगत हुंगत मक्यात गेली. पिल्लं तिच्या मागं. मी त्या दिवशी भाकरी केल्या, भांडी घासली, सोमवारी कामाला गेले, आणि आठवडाभर मधूनच माझा श्वास तसा अर्ध्यावर थांबायचा.

आम्ही पुन्हा पुण्याला त्या दुकानात गेलो. अर्ज करण्याआधी रायफल माझ्या खांद्याला बसते का ते ह्यांना बघायचं होतं. दस्ता माझ्या हाताला लांब झाला तर कापून घ्यावा लागेल, मागं रबर लावावं लागेल, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. मालकांनी मला बघून भुवया उंचावल्या, पण आदरानं बोलले. परवाना निघाल्याशिवाय देता येणार नाही, धरून बघा फक्त, असं म्हणून त्यांनी ती तीनशे पंधरा रिकामी आहे याची खात्री करून माझ्या हातात दिली. नमुन्याला एक दुर्बीण आधीच चढवलेली होती.

लाकडापेक्षा ती किती जड! हे मागून सांगत होते, "माणसांकडं न्हाई, दारातनं वर धर, समोरच्या इमारतीच्या टाकीकडं." मी वर धरली. टाकी सापडेना. टाकीच्या ऐवजी तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आली. एक बाई वाकून बादलीतून कपडे काढत होती, झटकत होती, दोरीवर टाकत होती. माझ्याच वयाची. केस तसेच बांधलेले. तिच्या कपाळावर घाम होता तोही दिसला. काळी फुली तिच्या गळ्याशी होती. तिनं हात कमरेवर ठेवला, पाठ सरळ केली आणि एक क्षण नुसती उभी राहिली, दमलेली बाई राहते तशी.

मी रायफल काउंटरवर ठेवली. दोन्ही हातांनी, हळू.

"बसती का खांद्याला?" ह्यांनी विचारलं.

"मला नको," मी म्हटलं.

"जड वाटती सुरुवातीला..."

"जड म्हणून नाही. मला नको."

मालकांनी रायफल उचलून कपाटात ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. चांगला माणूस. आम्ही बाहेर आलो. स्वारगेटपर्यंत हे माझ्या एक पाऊल मागं चालत होते. बसमध्ये बसलो, तिकीट काढलं. मला वाटलं रागावलेत. मी म्हटलं, "तुम्हाला राग आलाय."

"न्हाई."

"कंपनीला माझे डोळे पाहिजेत. तुम्हाला माझे डोळे पाहिजेत. संध्याकाळी मला सुईत दोरा दिसत नाही. आठ तास काय वाईट आहे ते शोधायचं, आणि सुट्टीच्या दिवशीही नेम धरून बघायचं. मी कधी उगाच बघू? नुसतं?"

एवढं मी त्यांच्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघायला लागली. हडपसर मागं पडलं. मग हे म्हणाले,

"मला डुकराचं एवढं न्हवतं गं."

"मग?"

"फौजेत बूट देतील ते. बंदूक देतील ती. बदली देतील तिकडं. जेवायला देतील ते. घरी आलो तर जमीन वाट्याला आली ती. सगळं दिलेलं घेतलं. एक वस्तू आपण बघून, पारखून, ही न्हाई ती, ती न्हाई ही, असं करून घ्यावी वाटली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तूपण आईनंच दिलेली हायेस."

"परत पाठवायची मुदत गेली," मी म्हटलं.

ते हसले. मीही हसले. पण मला त्यांचं वाईट वाटत होतं, आणि ते वाटत असतानाच झोपही येत होती. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी वरवंडपर्यंत झोपले.

रायफल घेतली नाही. मुदतीत हत्यार घेतलं नाही, परवाना तसाच गेला. आप्पांनी आणि ह्यांनी मिळून दोन्ही रानांभोवती सौर झटक्याची तार ओढली. डुकरं थोडी कमी झाली, बंद झाली नाहीत. जिथं गवत वाढून तारेला टेकतं तिथून झटका जमिनीत उतरतो आणि तिथूनच ती येतात, त्यामुळं आता हे रोज सकाळी तारेखालचं गवत कापत फिरतात. बाभळीची रायफल त्यांनीच बंबात घातली. दुर्बीण आप्पांनी नेली. कॅनॉलला पाणी सुटलं की नाही ते ते माळवदावर चढून बघतात आणि खालून कुणी विचारलं तर दुर्बीण न देता सांगतात.

दर महिन्याला इंजेक्शनसाठी पुण्याला जातो. मला अर्धी रजा मिळते. हे आत जाताना चप्पल काढून नीट जोडून ठेवतात, परेडला जावं तशी. उजव्यात थोडा फरक आहे, डावा स्थिर आहे असं डॉक्टरीणबाई म्हणते. बाहेर आले की डोळ्यावर पट्टी असते आणि ते माझा दंड धरतात. लग्नानंतर इतकी वर्षं रस्त्यात त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

मी यंदा सुपरवायझरला भेटले. म्हटलं, मला क्यूसीवरून काढा, पॅकिंगला टाका. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी नजर नाही लाइनवर कुणाची." मी म्हटलं, म्हणूनच म्हणते. त्याला काही कळलं नाही, पण महिन्याभरानं बदली दिली. पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागतं. पाय भरून येतात, टाचा दुखतात, खोलीवर गेल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसते. पण चौफुल्याच्या गाडीत आता खिडकीशी जागा मिळाली तर मी बाहेर बघते. कांद्याची शेतं जातात, ढाबे जातात, कुणाची तरी शेळी रस्त्याच्या कडेला पाय मुडपून बसलेली असते. काही शोधत नसते मी. थोड्या वेळानं डोळे आपोआप मिटतात.